सोनाळ्याची फायनल आणि शिवेची भाकर

कुठल्याही ग्रुपचे किस्से लहान लेकराच्या कपड्यांसारखे असतात. एक धुऊन वाळत घालेपर्यंत दोन नवे तयार! आमचा ग्रुप चौघींचा. कॉलेजात आम्ही बेसबॉल खेळायचो. हो, बेसबॉलच, आणि तोही बुलढाणा जिल्ह्यात. नसीम पिचर, म्हणजे बॉल फेकणारी. मी कॅचर, म्हणजे तोंडाला जाळीचा मास्क बांधून बॅटवालीच्या मागे उकिडवी बसणारी. वर्षा फर्स्ट बेसवर. प्रतिभा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, खरं तर सगळीकडे. पुढे लग्नं झाली. नसीमनं चिखलीत कापडाचं दुकान सांभाळलं, वर्षा तिथंच बँकेत लागली, प्रतिभा सोनाळ्याच्या एका शाळेत पीटीची मॅडम झाली आणि मी साखरखेर्ड्यात काळजी करू लागले. फुल टाइम!

लग्नानंतर मोठ्या अभिमानानं सासूबाईंना सांगितलं होतं, "आई, मी बेसबॉल खेळायचे." त्या म्हणाल्या, "लगोरी आमी बी खेळलो." विषय संपला.

तर मागच्या हिवाळ्यात प्रतिभाचा फोन आला. तिच्या शाळेतल्या पोरी फायनलला पोचल्या होत्या. "शनिवारी या, मुक्काम करा, रविवारी सकाळी मॅच पाहा, जेवा आन् जा. नाही आल्या तर मले तोंड दाखवू नका." त्या एका ट्रिपमध्ये जेवढं घडलं तेवढं आमच्या तीन वर्षांच्या टीममध्ये घडलं नसेल.

*

पण आधी श्लोकचं सांगायला हवं. त्याच्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

माझा लेक श्लोक तेव्हा सव्वा वर्षाचा होता. चालायचा, खायचा, हसायचा, कुत्र्याची शेपटी ओढायचा. पण टाटा करायचा नाही. टाळ्या वाजवायचा नाही. चिऊ कुठंय म्हटलं तर बोट दाखवायचा नाही. दुसऱ्याचं बघून काहीसुद्धा करायचा नाही. डॉक्टरांनी त्याला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "घाबरू नका. पण नक्कल करतो का, यावर लक्ष ठेवा. पुढच्या महिन्यात आणा, मग बघू."

मला त्यातलं 'घाबरू नका' ऐकूच आलं नाही. मी फक्त 'पण' घरी घेऊन आले.

लक्ष ठेवा म्हणाले ना? ठेवलं! सकाळी उठला की त्याच्यासमोर बसून टाळ्या. दूध पिताना टाळ्या. आंघोळीत टाळ्या. तो माझ्याकडे अशा शांतपणे पाहायचा, जसं आपण बसस्टँडवर बडबडणाऱ्या अनोळखी माणसाकडे पाहतो. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "भजनी मंडळ सुरू केलं का वं सूनबाई?"

*

सासूबाईंची परवानगी काढायची होती. त्यांना वाटलं होतं मी चिखलीपर्यंतच जाणार.

"सोनाळा? ते तं पार डोंगराच्या पायथ्याशी! किती शिवा ओलांडाव्या लागतीन!"

शीव म्हणजे गावाची हद्द. आमच्या घरची रीत अशी, की तान्हं लेकरू घेऊन शीव ओलांडायची तर त्याच्या नावानं भाकरीचा तुकडा टाकायचा. तिथं जे काही बसलेलं असेल ते तुकडा खातं आणि लेकराकडे बघत नाही. सासूबाईंनी पहाटे उठून दोन पुरचुंड्या बांधल्या. "पांढऱ्या फडक्यातली तुमच्या जेवणाची. लाल फडक्यातली शिवंची. एक बी शीव चुकवू नको."

आता मी बी.एस्सी., बी.एड. आहे. श्लोक व्हायच्या आधी आठवीला विज्ञान शिकवायचे. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय, हे मी पोरांकडून तोंडपाठ करून घेतलेलं आहे.

मी लाल पुरचुंडी हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "आई, अजून एक भाकर देता का? कमी नको पडायला."

*

वर्षा गाडी घेऊन आली. माझं सामान पाहून ती गाडीतून उतरलीच नाही, नुसती काच खाली केली. "लेकरू घेऊन चालली का दवाखाना?"

औषधांची पिशवी, गरम पाण्याचा थर्मास, उकळलेल्या पाण्याचा वेगळा थर्मास, तीन स्वेटर आणि दोन थर्मामीटर.

"दोन काऊन वं?"

"एक खोटं बोललं तं?"

वर्षानं काच परत वर केली.

आमच्या गावाची शीव आली तेव्हा पहिला तुकडा टाकायचा मान माझा. श्लोकला मांडीवर घट्ट धरलं, मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि जोरात फेकला. तुकडा परत येऊन माझ्याच कपाळावर आपटला.

काच बंद होती!

पुढे वाद हा, की शीव नेमकी कुठे? रस्त्याच्या पाटीपाशी, की नाल्यापाशी? वर्षाचं म्हणणं पाटी. सासूबाई नेहमी नाला म्हणायच्या. मी विचार केला, जे काही बसलेलं असेल त्याला पाटी वाचता येत असेल का? नसेल तर? आणि येत असेल तर? मग मी निर्णय घेतला, "दोन्हीकडं टाकू."

*

चिखलीत नसीम गाडीत बसली. पुढच्या सीटवर, वर्षाच्या शेजारी. लाल पुरचुंडी कशाची ते तिला सांगितलं. मला वाटलं हसेल.

"मग तू काऊन टाकून राह्यली?" ती म्हणाली. "पिचर कोन हाये, तू का मी?"

पुरचुंडी तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली. पुढच्या पाटीपाशी मी ओरडले, "शीव!" वर्षानं गाडी हळू केली. नसीमनं काच खाली घेतली, "बिस्मिल्ला" म्हणाली, हात कानामागे नेला, डावा गुडघा वर उचलला आणि जिभेचं टोक डाव्या गालाकडे बाहेर काढलं. कॉलेजात सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, नसीमची जीभ बाहेर आली की फास्ट बॉल येणार. तुकडा सणसणत गेला आणि थेट पाटीवर आपटला. गुडघाही डॅशबोर्डवर आपटला.

"स्ट्राइक!" वर्षा ओरडली.

श्लोक बघत होता. मी लगेच त्याच्यासमोर टाळ्या वाजवल्या. त्यानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

*

अमडापूरच्या पुढे नसीमचा एक थ्रो चुकला. पुलाच्या कठड्यावर एक बाबा बसले होते. तुकडा त्यांच्या पायाशी पडला. आम्ही "सॉरी बाबा" म्हणून पुढे निघालो.

थोड्या वेळानं वर्षा आरशात बघून म्हणाली, "पूनम, एक मोटरसायकल मागं लागली."

मी माझी काच वर केली. गावाच्या शिवेवर उतारा टाकला म्हणून लोक चिडले असतील का? चारजण असतील का? श्लोकला सीटखाली लपवता येईल का? मी म्हटलं, "थांबू नको!" वर्षानं गाडी पळवली. मोटरसायकलवाल्यानंही पळवली. हॉर्नवर हॉर्न! शेवटी पुढे म्हशी आडव्या आल्या आणि थांबावंच लागलं.

मोटरसायकलवर मागे तेच बाबा बसलेले. धापा टाकत खिडकीशी आले आणि हात पुढे केला. हातात तुकडा.

"बाई, तुमची भाकर पडली. अन्न हाये. असं सांडू नये."

आम्ही तिघींनी "हाव बाबा" म्हटलं. ते गेले. म्हशी गेल्या. नसीम तळहातावरच्या तुकड्याकडे बघत बसली होती.

"पूनम," ती फार गंभीरपणे म्हणाली, "परत आलेला बॉल हिशोबात धरतात का?"

*

चहाला थांबलो तिथला किस्सा खरं तर किस्सा नाही. तरी सांगते.

टपरीवाल्या बाईंनी श्लोकला घेतलं. "टाटा कर मावशीले. टाटा! टाळी दे. बरं, काऊ कुठाय?" श्लोक त्यांच्या नथीकडे बघत राहिला. बाईंनी मला सहज विचारलं, जसं साखर किती विचारतात तसं, "मुकं हाये का वं?"

मी श्लोकला घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

नसीम मागून आली. दार उघडून माझ्या शेजारी बसली. ती समजूत वगैरे काढत नाही, तिला येतच नाही. म्हणाली, "तुले ती अकोल्याची लंबी बॅट्समन याद हाये? मी बॉलवर बॉल टाकले, तिनं बॅट हालवली नाही. तू मागून मले इशारा केला, इले खेळता येत नाही, सरळ टाक."

"मग?"

"मग मी सरळ टाकला. अजून सापडला नाही तो बॉल."

मला हसू आलं. पण पुढच्या क्षणी दुसरा विचार आला: आणि खरंच खेळता येत नसेल तर?

*

जेवायला शेगावच्या पुढे एका शेताच्या बांधावर बसलो. श्लोकला भरवण्यात मी गुंतले होते. त्यानं किती घास खाल्ले, कुठल्या घासाला तोंड वाकडं केलं, चमचा स्वतः धरायचा प्रयत्न केला की नुसता ढकलला, हे सगळं बघायचं होतं. वर्षानं ताटं वाढली. भाकरी, तिच्या डब्यातला ठेचा, कांदा.

"सासूच्या हाताले चव हाये हं तुह्या," वर्षा म्हणाली. "भाकर गार होऊनही कशी मऊ!"

मी तिच्या मागे पाहिलं. झाडाखाली पांढरी पुरचुंडी होती. बांधलेली!

लाल फडकं वर्षानं हात पुसायला घेतलं होतं.

आम्ही शिवेवरच्या भाकरी खाल्ल्या होत्या. शिवेवर जे बसतं त्याचा वाटा आम्ही ठेच्याबरोबर संपवला होता! नसीम म्हणाली, "मग पांढऱ्यातल्या टाकू ना पुढं. भाकर ती भाकर." पण मला ते पटेना. सासूबाईंनी वेगळ्या बांधल्या त्या उगीच? त्यांना फोन करायची छाती नव्हती. न करायचीही नव्हती.

शेवटी शेतातल्या झोपडीपाशी गेले. एक म्हातारी तूर निवडत बसली होती. मी अडखळत म्हणाले, "आजी, एक भाकर मिळंल का? खायला नाही, म्हणजे आमच्याजवळ हाये, पण..."

आजीनं माझ्या कडेवरच्या श्लोककडे पाहिलं.

"शिवंची पाह्यजे का?" ती उठलीसुद्धा. दोन भाकरी आणल्या. चुलीतल्या काजळीचं बोट श्लोकच्या तळपायाला लावलं आणि विचारलं, "कुठं नेऊन राह्यली दवाखान्यात?"

"नाही आजी. बेसबॉल पाह्यले."

आजीनं पुन्हा एक बोट काजळी घेतली आणि माझ्या कानामागे लावली.

*

रविवारी सकाळी फायनल. अख्खं सोनाळा गाव मैदानावर! माईक गावातल्या क्रिकेट कॉमेंटेटरकडे होता. "आणि हा जोरदार चौकार... मॅडम नाही म्हणतात... आणि ही पळाली... आता काहून पळाली ते आपण मॅडमला विचारू!"

एक फाऊल बॉल उंच उडून आमच्याकडे आला. तीन वर्षं ज्या बाईनं तोंडासमोरून येणारे बॉल धरले तिनं काय करावं? मी श्लोकला छातीशी कवटाळून खाली बसले आणि प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर उलटी घेतली. बॉल आमच्यापासून बराच लांब, तुरीच्या शेतात पडला. तोच एक चांगला बॉल होता, म्हणून खेळ थांबवून दोन्ही टीम, अंपायर आणि निम्मं गाव तुरीत शिरलं. वर्षानं खुर्चीवर टकटक केली. "कॅचर, बाहेर ये. ऑल क्लिअर!"

प्रतिभाच्या पोरी एका रननं हरल्या. शेवटचा सोपा बॉल शॉर्टस्टॉपच्या पोरीच्या हातून निसटला. पोरी रडत होत्या, लोक तरी टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, एवढ्या टाळ्या! आता तरी? मी श्लोकचे दोन्ही हात धरले, एकमेकांवर आपटले. "कर ना. बघ, सगळे करतात. कर ना रे राजा." हात सोडले. ते खाली पडले.

प्रतिभा मागे उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"पूनम, तू त्याच्यासंगं खेळून राह्यली का त्याची परीक्षा घेऊन राह्यली?"

मी श्लोकच्या स्वेटरची बटणं लावू लागले.

"त्या पोरीले मी सकाळपासून डोळ्यात तेल घालून पाहून राह्यली होती. चुकू नको, चुकू नको. तिच्या हातून काऊन सुटला, मले माहीत हाये. तू कालपासून या लेकरावरची नजर काढली का एकदा तरी?"

मला राग आला. खूप. "तुही फायनल पुढच्या वर्षी परत येईल, प्रतिभा. माह्याजवळ फक्त पुढचा महिना हाये."

ती वळून रडणाऱ्या पोरींकडे गेली. जेवताना तिनं वाढलं, पण आग्रह केला नाही. निघताना तिनं आजीच्या उरलेल्या भाकरीवर स्वतःच्या दोन ठेवून लाल फडकं बांधलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. माझ्याकडे न बघता.

*

परतताना वर्षा घाईत होती. सासूबाईंची अट होती, दिवे लागायच्या आत घरी. चिखलीपर्यंत नसीमनं तुकडे टाकले. "स्ट्राइक" मात्र कोणी म्हणत नव्हतं. चिखलीला तिनं उतरायला हवं होतं, पण ती म्हणाली, "सोडते तुले घरापर्यंत, वर्षाले परत येताना सोबत," आणि तिथंच सीटवर मान टाकून झोपून गेली.

श्लोक खिडकीशी, माझ्या मांडीवर. दात शिवशिवत होते म्हणून त्याच्या हातात भाकरीचा तुकडा दिला होता, तो चघळत होता. मी बाहेर बघत होते. प्रतिभाचं वाक्य काही जात नव्हतं. परीक्षा. मग काय करू? बघू नको? आई आहे ना मी? आणि बघूनसुद्धा काही चुकलं, तर न बघून किती चुकेल?

लव्हाळ्याच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला. वर्षानं गाडी हळू केली. पाटी मागे गेली. पार मागे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, शीव! तुकडा राहिला! खाली पाहिलं तर श्लोकचे हात रिकामे.

"वर्षा, याची भाकर कुठं गेली?"

"खिडकीतून पडली. मले आरशात दिसली."

पडली. ठीक आहे. पडतातच. लेकरांच्या हातून वस्तू पडतात, यात काय आहे? मी त्याला दुसरा तुकडा दिला. तो चघळू लागला. मी स्वतःला म्हटलं, गप्प. पडली म्हणाली ना ती.

आणि मग मी एक गोष्ट केली. श्लोककडे बघितलंच नाही. मान वळवली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. फार अवघड होतं ते. मास्क न लावता बॅटवालीच्या मागे बसल्यासारखं.

सूर्य टेकला होता. आमच्या गावची पाटी दिसली. मी "शीव" म्हणाले नाही. वर्षाही नाही. नसीम जागी झाली होती, पण तीही नाही. खड्डा आला, गाडी हळू झाली.

वर्षानं आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मागून एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, तरी तिनं हलवली नाही.

"पूनम," ती हळूच म्हणाली. "पाह्य."

मी पाहिलं. श्लोकचा हात कानामागे गेलेला. डावा गुडघा वर आलेला. आणि जिभेचं टोक, डाव्या गालाकडे, बाहेर.

तुकडा खिडकीबाहेर गेला. फार लांब नाही, चाकाजवळच पडला.

ट्रॅक्टरवाला ओरडत होता. नसीमनं ओढणीनं तोंड दाबून धरलं होतं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात उभ्याच होत्या. लेकराला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, तळपायाची काजळी पाहिली, मग माझ्या कानामागची पाहिली.

"टाकले ना तुकडे सगळ्या शिवंवर?"

"टाकले आई."

"शेवटल्या शिवंवर बी? तिथंच इसरतात लोकं, घर आलं म्हनून. कोनं टाकला?"

मी लाल फडक्यातला उरलेला तुकडा काढून श्लोकच्या मुठीत दिला आणि त्याला त्यांच्या कडेवर बसवलं.

"त्यालेच इचारा."